लेखी द्याल का?

परदेशी माणसाला भारतात राहायचं तर काय काय लागतं, हे गुपित नाही. सरकारी संकेतस्थळांवर पानंच्या पानं भरली आहेत, व्हिसाचे प्रकार आहेत, कागदांच्या याद्या आहेत. नियम सापडतो. सापडत नाही तो माणूस, जो आपल्या कागदांकडे नीट बघून म्हणेल, हो, हा नियम तुम्हाला लागू आहे, आणि उद्या कुणी विचारलं तर खुशाल माझं नाव सांगा.

माझा नवरा जर्मन आहे, नाव येन्स. विजयदुर्गच्या खाडीकाठी, माझ्या माहेरच्या वाडीतच आम्ही घर केलंय. ही खाडी म्हणजे जिल्ह्यांची हद्द. दक्षिणेला देवगड तालुका, म्हणजे सिंधुदुर्ग. उत्तरेला राजापूर, म्हणजे रत्नागिरी. होडीत बसलं की माणूस बघता बघता पलीकडे पोचतो, परदेशी नागरिकाची फाइल मात्र पोचत नाही. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं वेगळं कार्यालय असतं, एफआरआरओ. बाकीच्या जिल्ह्यांत ते काम पोलीस अधीक्षकांकडे. म्हणजे खाडीच्या या अंगाला राहिलात तर एक साहेब, त्या अंगाला राहिलात तर दुसरे. घर घेताना लोक विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का ते विचारतात. जावई परदेशी असेल तर हद्दही विचारून घ्यावी.

180 दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा घेऊन आलेल्याने, व्हिसावर तसा शेरा असेल तर, 14 दिवसांत नोंदणी करायची असते. 2018 पासून हे बरंचसं काम ई-एफआरआरओवर ऑनलाइन होतं. कागद स्कॅन करायचे, चढवायचे, फी भरायची, बोलावलं तरच जायचं. ही सोय मोठी आहे, त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी कोकणातून मुंबईला फक्त एक सही आणायला जाऊन बघावं. पण संकेतस्थळ अर्ज घेतं, प्रश्न घेत नाही. तुमचं आयुष्य रकान्यात बसत असेल तर उत्तम. नसेल बसत तर शेवटी माणसासमोरच उभं राहावं लागतं.

आमचं बसत नव्हतं. येन्स आला तो एन्ट्री व्हिसावर, भारतीय नागरिकाचा नवरा म्हणून. या व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी-धंदा करता येत नाही. नोकरी मी करत होते, तो घर सांभाळायचा, आणि गावाला ते पचायला जरा वेळ लागला. पण एप्रिल आला. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कलमं आहेत, फार नाहीत, तरी हंगामात घरातला प्रत्येक हात लागतो. आंबा उतरवायचा, प्रतवारी लावायची, पेटीत गवत घालून भरायचा. येन्स पडवीत बसून अण्णांबरोबर पेट्या भरू लागला आणि तिसऱ्या पेटीला थांबला. म्हणाला, हे काम झालं ना? नोकरीची परवानगी नसताना मी काम करतोय का?

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. व्हिसाच्या नूतनीकरणाला आम्ही कचेरीत गेलो तेव्हा त्याने हा प्रश्न आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत, अगदी गंभीरपणे विचारला. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा काढला. "सासरच्या आंब्याला हात लावलात तर काय होतंय हो? आम्ही पण लावतो." आजूबाजूचे दोघेतिघे हसले, चहा आला. पण येन्सने वही उघडून ठेवली होती, त्याला उत्तर टिपून घ्यायचं होतं. तो परत म्हणाला, "म्हणजे हो की नाही?" आता ते गृहस्थ जरा अवघडले. "तसं बघायला गेलं तर... बघा, पगार घेऊ नका म्हणजे झालं."

उत्तर वाईट नव्हतं. कदाचित बरोबरही असेल. पण ते कुठून आलं? व्यवहारज्ञानातून, सज्जनपणातून, आणि थोडंसं चहातून. त्यामागे कुठला कागद नव्हता. पुढच्या वेळी त्या खुर्चीत दुसरं कुणी असतं तर उत्तरही दुसरं मिळालं असतं. येन्सने वहीत लिहिलं, "पगार नाही", आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या हंगामात त्याने पेट्या भरल्या, पण मोजून ठेवल्या नाहीत. हिशेब ठेवला तर ते काम ठरेल अशी त्याची धास्ती.

आंब्याचं हसण्यावारी गेलं. लग्नाच्या दाखल्याचं गेलं नाही.

भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड मिळू शकतं. नागरिकत्व कायद्याच्या कलम 7अ मध्ये अट आहे: लग्न नोंदलेलं हवं, आणि अर्ज करण्याआधी सलग किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. शिवाय सुरक्षाविषयक तपासणी. ओसीआय मिळालं की नोंदणीची कटकट संपते, कितीही दिवस राहता येतं, नोकरी करता येते. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात 'सिटिझन' असल्यामुळे गावात मात्र सगळ्यांची समजूत झाली की येन्स आता अर्धा भारतीय झाला. एका चुलत्यांनी तर "मग कलमं जावयाच्या नावावर करून टाका" असा सल्लाही अण्णांना देऊन ठेवला.

आमचं लग्न जर्मनीत नोंदलं गेलं, दाखल्यावर तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन होतं. एका टेबलावर सांगितलं, साक्षांकन आहे म्हणजे झालं. काही आठवड्यांनी त्याच इमारतीतल्या दुसऱ्या टेबलावर सांगितलं, नाही, इथे पुन्हा लग्न नोंदवा, आणि दोन वर्षं त्या तारखेपासून मोजा. म्हणजे जवळजवळ पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "साहेब, हे कुठल्या परिपत्रकात आहे?" ते चिडले नाहीत. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर बाजूला सरकवलं आणि काचेखाली बोट दाखवलं. तिथे एक झेरॉक्स होती, कडा पिवळ्या पडलेली, वर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं, तारखेचा भाग चहाच्या डागाखाली गेलेला. मी वाकून वाचली. ती कुठल्यातरी वेगळ्याच प्रकारच्या व्हिसाबद्दल होती. पण त्यांनी इतक्या वर्षांत त्या कागदावर विश्वास ठेवून कामं केली होती, आणि त्यांच्यापुरता तोच नियम होता. आधीच्या टेबलावरही काच होती, तिच्याखाली दुसरा कागद असणार.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण असल्या अनुभवांचं पुढे फार सोपं होतं. सरकारी लोक उडवून लावतात, खोटं सांगतात, पैसे मागतात, असं बोललं की ऐकणारा मान डोलावतो. माझ्याशी कुणी खोटं बोललं नाही, पैसेही मागितले नाहीत. ज्या जिल्ह्यात परदेशी जोडीदाराच्या फायली फारशा येतच नाहीत, तिथला कारकून शेवटची जी फाइल आली होती तिच्या आधारे उत्तर देतो. दुसरं काय करणार बिचारा? त्याला पासपोर्टची पडताळणी आहे, बंदोबस्त आहे, शिमगा आहे, गणपती आहेत. आपण विचारतो तो प्रश्न त्याच्यासमोर पहिल्यांदाच आलेला असतो आणि "मला माहीत नाही" म्हणायची मुभा त्याला खुर्ची देत नाही.

तेव्हा दुरुस्ती करायची तर ती प्रश्नातच करावी लागते. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायला गेलं की गुरव आधी प्रश्न सुटा करून घेतो. "पोराचं कसं होईल?" असं देवाला विचारून चालत नाही. या वैशाखात लग्न करावं का, हो असेल तर उजवा दे, नसेल तर डावा, असं नेमकं मागावं लागतं. दोन प्रश्न एकात गुंफले तर गुरव तिथेच थांबवतो. आजीबरोबर मी लहानपणी हे इतक्यांदा बघितलं होतं, तरी कचेरीत गेल्यावर "आमचं काय करायचं साहेब?" एवढाच प्रश्न तोंडून निघायचा. त्याचं उत्तर "बघूया" हेच असतं, आणि ते प्रामाणिक उत्तर असतं.

मग मी लिहायला लागले. एका अर्जात एकच प्रश्न. आमची परिस्थिती तीन ओळींत, तारखांसकट. मग प्रश्न, हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा. मग "नाही असल्यास कोणत्या नियमानुसार". दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का. हे शहाणपण माझं नव्हे, पलीकडच्या गावातल्या चाचांचं. ते कित्येक वर्षं कुवेतला होते. आमच्या किनारपट्टीवर मुसलमान मोहल्ल्यांमधून आखाती देशांत जाणारी माणसं घरोघरी सापडतात. इमिग्रेशन म्हणजे काय हे कोकणात कुणाला खरंच माहीत असेल तर त्यांना. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे नोकरीला बाहेर जाण्याआधी तपासणी हवी असा, शिक्का, मग प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी, तिकडे गेल्यावर पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाच्या, कपाटात. चाचा म्हणाले, "तोंडी हो म्हणणाऱ्याची बदली होते गो. शिक्का बदलून जात नाही." त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत प्रत्येक कागदाची झेरॉक्स आहे, रद्द झालेल्या पासपोर्टांचीसुद्धा.

शिक्का मागितला की काय होतं ते बघण्यासारखं असतं. तोंडी उत्तर देताना जो माणूस सैलावून बसलेला असतो, तो "हे लेखी द्याल का?" म्हटल्यावर सावरून बसतो. काही वेळा उत्तर तिथल्या तिथे बदलतं. "तसं नक्की नाही, वर विचारावं लागेल." मला हे ऐकून बरं वाटायला लागलं. ठाम चुकीच्या उत्तरापेक्षा हे कितीतरी चांगलं. लग्नाच्या दाखल्याचं असंच झालं. अर्ज वर गेला, आणि वरून आलेल्या पत्रात होतं की साक्षांकित परदेशी दाखला ग्राह्य आहे. दोन ओळींचं पत्र. खाली सही, हुद्दा, तारीख. येन्सने ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. तिच्यात एक गंमत आहे. 2005 च्या कायद्याचं कलम 3 हा अधिकार नागरिकांना देतं. म्हणजे ज्याच्या राहण्या-जाण्याचा प्रश्न आहे त्या येन्सला तो अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने नव्हे, माझ्या स्वतःच्या नावाने मी केला. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. इथेही प्रश्न कसा विचारला यावर सगळं अवलंबून. "आम्ही काय करावं" असं विचारलं तर तो सल्ला होतो, आणि सल्ला किंवा मत देणं या कायद्याखाली बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. "अमुक विषयावर आज लागू असलेल्या परिपत्रकाची प्रत द्यावी" असं विचारलं की ती माहिती होते. त्यांच्याकडे असेल ती द्यावी लागते. आमचा प्रश्न परिपत्रकाचा होता, म्हणून जमलं. सगळ्या शंका अशा कागदात सापडत नाहीत, हेही खरं.

अण्णांची गोष्ट मात्र याहून साधी, आणि जास्त बोलकी. येन्सचे आई-वडील डिसेंबरात आले, अण्णांकडेच उतरले. परदेशी पाहुणा ज्याच्याकडे उतरतो त्याने 24 तासांत ऑनलाइन फॉर्म भरून कळवायचं असतं, तेव्हा तो फॉर्म सी होता. हॉटेलवाले, न्याहारी-निवासवाले हे जाणतात. घरच्या माणसांनीही भरायचा? पोलीस पाटील आमच्याच भावकीतले. ते म्हणाले, "जावयाची आवस-बापूस ती, तेंका कसलो फॉर्म?" बीट हवालदार म्हणाले, "भरलात तर बरं, नाही भरलात तरी चालतं." अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना 'चालतं' हा शब्द आयुष्यभर खपला नाही. त्यांनी रात्री मला बसवून पोर्टल उघडायला लावलं. तिथे राहण्याच्या जागेचा प्रकार निवडायचा असतो, आणि त्या यादीत स्वतंत्र घर हाही प्रकार होता. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "यादीत आहे म्हणजे भरायचा." एका वाक्यात निकाल. मग विहीणबाईंचा पासपोर्ट, व्हिसा, फोटो, सगळं चढवलं, आणि पावती छापून देवघराच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना सोलकढी वाढताना त्यांनी हे सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं आणि त्या माऊलीने फार आदराने ऐकून घेतलं.

जर्मनीत सगळं आलबेल आहे, असं कुणाला वाटू नये. माझा मावसभाऊ तिथे आहे. परदेशी नागरिकांच्या कचेरीची वेळ मिळायलाच त्याला महिने लागतात, फोन कुणी उचलत नाही, आणि ईमेलला उत्तर आलं तर तो ते आम्हाला फोन करून सांगतो, इतकं अप्रूप. पण तिथे एक गोष्ट आहे, जी येन्सला इथे राहून राहून आठवायची. परवान्याची मुदत संपायच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं कायदाच मानतो, आणि तसा एक कागद हातात देतात. वाट बघणाऱ्याला वाट बघत असल्याचा दाखला! पुरेसं कारण नसताना तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. उत्तर उशिरा मिळतं, पण उत्तर मिळेपर्यंत तुम्ही कोण आहात हे तरी लेखी असतं. उलट आमच्याकडे चहा मिळतो, चौकशी होते, पोरं किती विचारतात. दोन्ही कुठल्याच देशात एकत्र मिळत नाही, अशी येन्सची तक्रार आहे.

रत्नागिरीला काही कामाने गेलो की त्याला थिबा राजवाड्याकडे एक चक्कर मारायची असते. 1885 मध्ये ब्रह्मदेशाचं राज्य इंग्रजांनी घेतलं आणि 1886 मध्ये थिबा राजाला आणून रत्नागिरीत ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, तोवर त्याची हयात निघून चालली होती. देखरेखीला सरकारी अधिकारी, खर्चाला सरकारने ठरवलेला तनखा, आणि वरच्या सरकारकडे राजाच्या अर्ज-विनंत्या. 1916 मध्ये तो इथेच वारला. कुटुंबाला परत जायला मिळालं ते 1919 मध्ये. येन्स स्वतःच्या मर्जीने आलाय आणि वाटेल तेव्हा जाऊ शकतो, त्याची आणि त्या राजाची काही बरोबरी नाही. तरी त्या उंच खिडक्यांखाली उभा राहिला की तो हमखास विचारतो, त्याच्या अर्जांवर शिक्का कोण मारत असेल?

आता काचेखालचे कागद बदलायची वेळ आली आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा लागू झाला, आणि 1920, 1939, 1946 आणि 2000 या सालांचे चार जुने कायदे त्यात विरले. 1946 च्या कायद्याचं कलम 14 ज्यांना तोंडपाठ होतं त्यांची पंचाईत झालीच, पण आमच्यासारख्यांचीही झाली. जुन्या पत्रांतली उत्तरं अजून धरायची का, हे पुन्हा विचारून घ्यावं लागणार. ओळखीपाळखीत कुणी आपला अनुभव सांगू लागलं की मी आता पहिल्यांदा विचारते, कधीचा? मग विचारते, कुठल्या व्हिसावरचा? या दोन प्रश्नांत अर्धे अनुभव गळतात. उरलेल्यांतही तो माणूस आणि आपण एकाच हद्दीत आहोत का ते बघावं लागतं.

येन्सला ओसीआय मिळालं. एप्रिलात तो आता पेट्या मोजतो. कार्ड हातात आलं त्या दिवशी अण्णांनी चुलत्यांना बोलावून समजावलं की जावयाला कलमं विकत घेता येणार नाहीत. वारसाने आली तर गोष्ट वेगळी. चुलते जरा हिरमुसले.

सध्या प्रश्न आहे तो मुलीचा. ती इथेच जन्मली. 3 डिसेंबर 2004 पासून पुढे भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील यांपैकी एक जण भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा आलेला वा राहिलेला नसेल, तर ते मूल जन्माने भारतीय. बापाकडून ती जर्मनही, तेही जन्मापासून. जर्मनीने जून 2024 पासून दुसरं नागरिकत्व ठेवायला मोकळीक दिली आहे, भारत देत नाही. आपल्या कायद्याचं कलम 9 म्हणतं, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. आणि नियम म्हणतात, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की तो त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा. पण बालवाडीत जाणाऱ्या पोरीची स्वेच्छा नेमकी कुणाची? आजीला भेटायला तिला जर्मनीला न्यायचं आहे, आणि कुठल्या पासपोर्टवर न्यायचं यावर आतापर्यंत मिळालेली तोंडी उत्तरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

काल रात्री अर्ज लिहून काढला. परिस्थिती तीन ओळींत बसवली आहे, खाली मजकूर असा: "मुलीने जन्मतः मिळालेल्या जर्मन नागरिकत्वासाठी कोणताही अर्ज केलेला नाही. तिच्या नावे जर्मन पासपोर्ट घेतल्यास नागरिकत्व कायदा 1955, कलम 9 अन्वये तिने स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले असे मानले जाईल का? हो किंवा नाही ते कळवावे. ज्या परिपत्रकाच्या आधारे उत्तर दिले जाईल त्याचा क्रमांक व दिनांक नमूद करावा." अण्णांनी वाचून 'कळवावे'च्या पुढे 'ही विनंती' घातलं. दोन प्रती काढल्या आहेत, उजव्या कोपऱ्यात शिक्क्यापुरती जागा सोडून.